गोपिकाच्या दारापर्यंतची लाइन

घर बांधायचं ठरलं तेव्हा गोपिका भोयरनं नवऱ्याला एकच गोष्ट विचारली. स्वयंपाकघराची खिडकी कुठं येणार, नळ कधी येतो, बस कुठं थांबते, हे लहानूनं आपणहूनच सांगितलं होतं आणि तिनं मान डोलवत पाहून घेतलं होतं. पाहूनच, कारण गोपिकाला जन्मापासून ऐकू येत नाही आणि या नवरा-बायकोचं सगळं आयुष्य हातांनी बोलण्यात गेलेलं आहे. त्याचं सांगून झाल्यावर तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट भिंतीतून वायर यावी तसं हवेतून ओढत आणलं.

"तिथं लाइन आहे?"

लहानू हसला. "सगळं आहे," त्यानं दोन्ही हात पसरून सांगितलं. प्लॉट विकणाऱ्या ले-आउटवाल्या माणसानं त्याला तसंच सांगितलं होतं: "पानी, रोड, वायफाय, सब है भाऊ. तुम्ही फक्त राहायले या." गोपिकाचं त्यावर भागलं नाही. तिनं स्वतः एका कंपनीच्या साइटवर नव्या घराचा पिनकोड टाकला. चाक गरगरलं आणि हिरवी खूण उमटली: 'अभिनंदन! आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे.' दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा टाकून पाहिला. पुन्हा अभिनंदन. दुसऱ्या कंपनीनंही अभिनंदन केलं. तेव्हा कुठं तिनं इतवारीतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडायला होकार दिला.

ही लाइन तिला एका माणसासाठी हवी होती. कौसल्यासाठी, तिच्या थोरल्या बहिणीसाठी.

सावनेर तालुक्यातल्या एका कापसाच्या गावात या दोघी जन्मल्या. कौसल्या ऐकू न येणारी निघाली तेव्हा घरात नवससायास झाले. पाच-सहा वर्षांनी गोपिका झाली. एकदा तिच्या पाळण्यामागे पितळेचं ताट आपटून पाहिलं आणि ती पापणीसुद्धा हलवीना, तेव्हा आई चुलीपुढे बसून रडली, बाप शेतात निघून गेला. कौसल्या मात्र अंगणभर नाचली. ही गोष्ट तिनं पुढे गोपिकाला कितीदा तरी सांगितली. तोवर ती एकटी होती. तिला जे सांगायचं असे ते कोणाला कळत नसे, आणि लोकांच्या हलणाऱ्या ओठांतून काय चाललंय ते तिला कळत नसे. आता तिच्यासारखी आणखी एक आली होती.

मग दोघींनी मिळून शब्द केले. कापसाचा शब्द केला, चिमटीतून काहीतरी अलगद सोडून द्यावं तसा. बापाच्या रागाचा केला, भुवईवर बोट दाबून. आवस, पुनव, गाभण गाय, खोटं बोलणारी काकू, सगळ्यांना शब्द मिळाले. नंतर दोघींना नागपूरच्या मूकबधिर शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं. तिथं त्या सगळ्या मुलामुलींची खुणांची भाषा शिकल्या. पण रात्री खाटेवर दोघीच उरल्या की हात आपोआप गावच्या शब्दांकडे वळत. या जगात ती भाषा येणारी दोनच माणसं होती.

कौसल्या लग्न होऊन इंदूरला गेली. नवराही ऐकू न येणारा, सुतारकाम करणारा, हसरा माणूस. गोपिका छापखान्याच्या बायंडिंग खात्यात लागली आणि पुढे लहानूशी तिचं लग्न झालं. लहानूला ऐकू येतं. पण तो इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला. तिथं दिवसभर इतकी ठोकाठोक चाले की माणसं तशीही हातवारे करूनच बोलत. गोपिकाची भाषा त्यानं हौसेनं उचलली. मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच दोघं म्हणत आणि विषय सोडून देत.

त्या सगळ्या वर्षांत बहिणींची भेट वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून. पत्रांचा उपयोग नव्हता. लिहिलेली मराठी त्यांना दुसऱ्याच्या मापाच्या चपलेसारखी. पायात घालता येई, पण चालता येत नसे. 'मी बरा आहे. तू जेवण काय.' एवढंच कागदावर उतरे आणि खरं सगळं हातातच राही.

मोबाइलवर तोंड दिसायला लागलं तेव्हा गोपिका पंचेचाळिशी ओलांडून गेली होती. इतवारीच्या त्यांच्या गल्लीत केबलवाल्यानं घरोघरी नेटची लाइन दिली होती. पहिल्यांदा कौसल्या त्या काचेत दिसली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वच्छ. मग कौसल्यानं गावाकडच्या खोटं बोलणाऱ्या काकूचा शब्द केला आणि दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून दुपारची भांडी आटोपली की गोपिका मोबाइल डब्याला टेकवून बसे. काय भाजी केली इथपासून ते मेल्यावर माणूस कुठं जातं इथपर्यंत बोलणं होई.

गेल्या वर्षी कौसल्याचा नवरा गेला. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण मुलाला आईची भाषा लहानपणी येत होती तेवढीच राहिली, आणि सुनेला तीन शब्द येत: जेवण, औषध, झोप. ते तिन्ही शब्द ती प्रेमानं विचारी. पण ज्याच्याशी बोलायचं असं त्या घरात आता कोणी उरलं नव्हतं. कौसल्या दिवसभर दुपारची वाट पाहत असे.

दसऱ्यानंतर भोयर नव्या घरात राहायला आले. कोराडी रोडवरून आत वळून बरंच गेलं की हा ले-आउट लागतो. निम्मे प्लॉट अजून रिकामे, त्यांत काटेरी झुडपं आणि कोणीतरी आणून टाकलेल्या विटा. गच्चीवर गेलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसतो. पण हवा मोकळी, खोल्यांत उजेड. सामान लावायच्या आधी गोपिकानं खिडकीशी बसून मोबाइलच्या नेटवरून बहिणीला फोन लावला. तिला घर दाखवायचं होतं.

कौसल्या दिसली. तिनं हात उचलला आणि तो हवेत तसाच थांबला. मग चेहऱ्याचे चौकोन झाले, बोटं एकमेकांत मिसळली, हात होता तिथं धूसर पट्टा उरला. ऐकणाऱ्या माणसांच्या फोनवर चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, बोलणं चालू राहतं. इथं चित्र अडकलं म्हणजे बोलणंच संपलं. गोपिका गच्चीवर गेली, अंगणात गेली, रस्त्यावर जाऊन उभी राहिली. कौसल्या तुकड्यातुकड्यांत काहीतरी विचारत होती आणि ती विचारतेय एवढंच कळत होतं.

तिनं त्याच दिवशी कंपनीकडे लाइनची मागणी नोंदवली. लगेच उत्तर आलं: आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील.

फोन आला. तळहातात मोबाइल थरथरला, गोपिकानं पडद्याकडे पाहिलं आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत पाहतच राहिली. लहानू दुकानात होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती धावत समोरच्या शोभाताईकडे गेली. शोभाताई विधवा बाई, नुकतीच ओळख झालेली, पण जीव लावणारी. गोपिकाला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही ती तिच्याशी मोठमोठ्यानं बोले, आणि तोंड असं उघडून बोले की गोपिकाला निम्मं तरी कळे. तिनं फोन घेतला.

"हाव, गोपिका भोयरचाच नंबर आहे. मी शेजारीण बोलून राहिली."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"त्याईशीच बोला लागते? अजी, त्या माझ्या बाजूलेच बसल्या आहेत. पण त्याईले ऐकू येत नाही ना बाप्पा!"

पलीकडचा पुन्हा बोलला. शोभाताईचा आवाज चढला.

"नियम आहे म्हंजे? ज्याले ऐकू येत नाही त्यानं नेट घेऊच नाही काय? मी सांगून राहिली ना, लाइन पायजे म्हणून! हॅलो? हॅलो!"

तिनं मोबाइल गोपिकाच्या हातात ठेवला आणि कपाळावर हात मारला. थोड्या वेळानं पडद्यावर मजकूर आला: 'ग्राहकाने प्रतिसाद न दिल्यामुळे आपली विनंती बंद करण्यात आली आहे.' गोपिकाला 'प्रतिसाद' हा शब्द कळला नाही. संध्याकाळी लहानूनं तो हातांनी समजावून सांगितला: हाक आली, तू उत्तर दिलं नाहीस. ती हसली. असं हसू लहानूनं तिच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

पुन्हा मागणी नोंदवली, या खेपेला लहानूच्या नंबरावर. मग एक तरुण मुलगा मोटरसायकलवर वायरचं भेंडोळं घेऊन आला. त्यानं खांबांकडे पाहिलं, कोपऱ्यापर्यंत चालत गेला, परत आला. शोभाताई फाटकात उभीच होती.

"इथी लाइन नाही काकू," तो म्हणाला.

"नाही कशी? हिनं मोबाइलवर पाहिलं, हिरवं येते."

"पिनकोड एकच आहे. त्याच्यात तिकडची कॉलनी बी येते. तिकडं आहे लाइन, म्हून कम्प्युटर हिरवं दाखवते."

"मंग तू इथवर काहून आला?"

"मले बी कम्प्युटरनंच पाठवलं," तो म्हणाला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. पाणी पिऊन तो निघून गेला.

दुसऱ्या कंपनीच्या माणसानं लहानूला फोनवर सांगितलं, होऊन जाईल. आठवड्यानं तिथल्याच दुसऱ्यानं सांगितलं, होत नाही. तिसऱ्यानं विचारलं, तुम्हाला होत नाही असं कोणी सांगितलं? भागातला केबलवाला ऋषी पानठेल्यावर भेटला की म्हणे, "झालंच समजा, पंधरा दिवसांत." दिवाळी झाली, संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले, ऋषीचे पंधरा दिवस काही सरेनात. एकानं गच्चीवर बसवायचा डबा आणून दिला, त्यात वायर लागतच नाही म्हणे. तो एक सकाळ चालला. त्या सकाळी गोपिकाला बहिणीचा चेहरा धड दिसला आणि तो किती उतरलाय तेही दिसलं. दुपारी डब्याचा लाल दिवा लागला तो लागलाच.

शोभाताईनं सुचवलं, व्हिडिओ भरून पाठवत जा. मोबाइलच्या नेटवरून तेवढं जाई, तासाभरानं का होईना. गोपिका खिडकीशी बसून आपलं बोलणं भरे आणि पाठवी. पण समोर कोणी नसताना हात चालवणं तिला फार जड जाई. बोलताना कौसल्या मध्येच भुवया उचले, नाक मुरडे, हात धरून थांबवी. त्या जोरावर तर बोलणं पुढे जात असे. कौसल्याकडून येणारे व्हिडिओ आधी मोठे होते, मग लहान होत गेले. शेवटी शेवटी ती मोबाइलसमोर बसे, 'मी ठीक' एवढं करी आणि उगीच काचेकडे पाहत राही. भाच्याचा मजकूर आला: 'मावशी, आई आजकाल बोलत नाही. जेवतेही कमी.'

त्या रविवारी लहानूनं तिला दुकानात नेलं. मालक बापूजी त्याला म्हणाले होते, "आण ना गा तिले. आपल्या इथं लाइन आहे, बसू दे तिले मागं." गोपिका पितळेच्या गुंडांच्या, म्हणजे पाण्याच्या घागरींच्या, उतरंडीपाशी पोत्यावर बसली. बाहेर हातगाड्या, टेम्पो, गिऱ्हाइकांची घासाघीस. तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं फोन लावला आणि कौसल्या समोर आली, अख्खी, प्रत्येक बोट वेगळं.

"तू कुठं गेली होतीस?" कौसल्यानं विचारलं. गावच्या शब्दांत विचारलं.

"घर बांधलं. तिथून तू दिसत नाहीस."

"मग कशाला बांधलं?"

 कौसल्या मग नवऱ्याबद्दल बोलायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याची करवत तिनं अजून खाटेखाली ठेवलीय. सकाळी उठल्यावर ती अजूनही त्याच्या बाजूला वळून हात हलवते आणि मग आठवतं. सुनेला हे सांगावं तर कसं सांगावं; सून विचारते, औषध? गोपिका रडत होती, कौसल्याही रडत होती. भर बाजारात, दहा माणसांच्या देखत त्या इतकं बोलल्या आणि तिथं एकालाही त्यातला शब्द कळला नाही. एका बाईनं डबा पाहता पाहता थबकून विचारलं, "काय झालं वं त्याईले?" लहानू म्हणाला, "काही नाही, बहिणीशी बोलून राहिली."

पण दुकान ते दुकान. लग्नसराई सुरू झाली तशी मागची जागा मालानं भरली. गोपिका दोनदा गेली, तिसऱ्यांदा उभं राहायलाही जागा नव्हती.  तिनंच जाणं थांबवलं.

मग तिनं एक केलं. ज्या कंपनीनं पहिल्यांदा अभिनंदन केलं होतं तिच्या शहरातल्या ऑफिसात ती स्वतः गेली, एकटी, बसनं. लहानूला सांगितलंही नाही. काउंटरवर नूपुर नावाची मुलगी होती. गोपिकानं कानाकडे बोट दाखवून मान हलवली. अशा वेळी लोक एकतर ओरडून बोलतात नाहीतर दुसऱ्याच कोणाकडे पाहायला लागतात. नूपुरनं खुर्ची पुढे ओढून दिली, आपला मोबाइल काढला आणि त्यावर मराठीत लिहिलं: 'काकू, सावकाश सांगा. मी वाचते.'

गोपिकानं लिहिलं: 'माझा घर लाइन आहे काय नाही. खरा सांग.'

नूपुरनं ते दोनदा वाचलं. कम्प्युटरवर पिनकोड टाकला, हिरवी खूण आली. मग तिनं आणखी काहीतरी उघडलं आणि पडदा गोपिकाकडे फिरवला. नकाशा होता. कोराडी रोडवरून एक रेघ येत होती आणि एका चौकापाशी संपत होती. नूपुरनं तिला घर दाखवायला सांगितलं. गोपिकानं बोट ठेवलं. त्या बोटापासून रेघेच्या टोकापर्यंत नुसता पांढरा पडदा होता. नूपुरनं लिहिलं: 'इथे लाइन नाही. लवकर येईल असंही वाटत नाही. आली तर मी स्वतः तुम्हाला मेसेज करीन. सॉरी काकू.'

गोपिकानं ते वाचलं आणि तिला हलकं वाटलं. ती स्वतःच चकित झाली. दसऱ्यापासून जो तो तिला 'आहे' म्हणत होता आणि त्या 'आहे'च्या भरवशावर ती रोज खिडकीशी बसत होती. 'नाही' असं कोणी नीट समोर बसून सांगितलंच नव्हतं. तिनं नूपुरच्या गालाला हात लावला आणि उठली. बसमध्ये बसल्यावर तिच्या मनात पक्कं झालं.

"मी इंदूरला जाते," तिनं घरी येऊन लहानूला सांगितलं.

"किती दिवस?"

"माहीत नाही."

लहानू जेवता जेवता थांबला. घर नवं, त्यात तो एकटा राहणार. पण त्यानं एवढंच विचारलं, "लोणचं नेशील? तिला आपलं लोणचं आवडतं." आणि पुढे होऊन ट्रंकेवरून बॅग खाली काढली.

स्टेशनवर भाचा घ्यायला आला होता. कौसल्या घराच्या दारातच उभी होती. वाळली होती, केस पांढरे झाले होते. तिनं गोपिकाला मिठी मारली नाही. तिचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि आपल्या गालांवर ठेवले. मग दोघी आत गेल्या आणि बोलायला बसल्या. सून चहा ठेवून गेली, तो निवला. पुन्हा केला, तोही निवला. कितीतरी दिवस हे असंच चाललं. भाजी निवडताना दोघींची अडचण होई, कारण हात भाजीत गुंतले की बोलणं थांबे. म्हणून कौसल्या भाजी बाजूला सारून देई आणि सूनबाई हसत ती उचलून नेई. हळूहळू सूनही जवळ येऊन बसायला लागली. गोपिकानं तिला शब्द शिकवले: कंटाळा, आठवण, ऊन, खोटारडी. खोटारडीवर सासू पहिल्यांदा सुनेपुढे खळखळून हसली. कौसल्याचं जेवण सुधारलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी नूपुरचा मेसेज आला: 'काकू, तुमच्या पलीकडे नवीन शाळा झाली. तिच्यासाठी लाइन ओढली, ती तुमच्या रस्त्यावरून गेली. मी आधी स्वतः विचारून खात्री केली. आता खरंच आहे.' चार दिवसांनी लहानूचा व्हिडिओ फोन आला. चित्र स्वच्छ होतं. मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, लहानूच्या शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं दिसत होतं. तो दोन्ही हात उंच करून सांगत होता, "लाइन आली! पाहा, दिसतो ना? दिसतो ना मी?" त्याच्यामागून शोभाताई डोकावून तोंड उघडून काहीतरी ओरडत होती.

गोपिका हसली, टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवले. मग तिनं बाजूला पाहिलं. कौसल्याही हसत होती. पण तिचे हात मांडीवर होते.

"आता तू जाशील," कौसल्या नंतर म्हणाली.

"आता रोज दिसू."

"हो. दिसू."

 निघायच्या दिवशी तिनं गोपिकाची वेणी घातली, लहानपणी घालायची तशी, घट्ट. वेणी घालताना दोघी बोलू शकत नव्हत्या. एकीचे हात केसांत होते आणि दुसरीची पाठ होती.

आता लाइन चालते. कधी खांबावर काहीतरी होतं आणि एखादा दिवस जातो, पण एरवी चालते. दुपार झाली की गोपिका खिडकीशी बसते आणि कौसल्या इंदूरहून दिसते, तिच्या हाताच्या शिरासुद्धा दिसतात. सूनही मधूनमधून येऊन बसते, चुकत चुकत दोन वाक्यं बोलते. इतकं सारं मिळालंय. तरी फोन लागला की पहिल्या क्षणी गोपिकाचा हात आपोआप काचेकडे जातो, आणि काच गार लागते. इंदूरला जाण्याआधी असं होत नव्हतं. तेव्हा नुसतं दिसणं पुरत होतं. बहिणीच्या तळहाताचा खरखरीतपणा ती विसरून गेली होती. आता तो आठवतो.

"कधी येशील?" कौसल्या विचारते.

"तूच ये. घर पाहिलं नाहीस अजून."

"गुडघे."

"मग मीच येईन. पाऊस संपू दे."

परवा असंच बोलता बोलता कौसल्याची मान कलली. डोळे मिटले. डोळे मिटले की त्यांच्यातलं बोलणं संपतंच. तिचे हात पदरावर सैल पडले होते, बोटं थोडी वळलेली. गोपिकाला घरातली बरीच कामं होती. दाराशी येऊन शोभाताई वाट पाहून गेली, संध्याकाळचं दूध गॅसवर ठेवायचं होतं. तिनं मोबाइल उचलून जरा जवळ घेतला. बहिणीचा श्वास वरखाली होताना दिसत होता. फोन बंद न करता, ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत ती तिच्याकडे बघत बसून राहिली.